नव्या सायलेन्सरचा आवाज

रविवार, दिवेलागणीला

क्रूझर मोटारसायकलचा गंजलेला सायलेन्सर बदलायला आज शहाद्याला गेलो. बायको सोबत होती. मेकॅनिकने दोन बसवून दाखवले. एक आखूड, गरजणारा. दुसरा लांब, खर्जातला. गरजणारा किती दिवस मनात होता, या वयात लिहायलाही लाज वाटते.

"दादा, हाऊच ल्या. म्हसावदपावत आवाज जाई," गरजणाऱ्याकडे बोट दाखवत मेकॅनिक म्हणाला.

"ल्याच," बायको म्हणाली. "मंग तुम्हनं भजन तरी ऐकू येवाव नई."

सगळे हसले. मीही हसलो, पण लागलं. सूर लागत नाही म्हणून देवळात मी तोंड उघडत नाही. तोरणमाळचा घाट चढतानाच काय ते म्हणतो. तिथे फक्त देव ऐकतो असं वाटायचं. मागे ही बसलेली असते, हे कसं विसरलो?

गरजणारा चालू असताना हळूच एक ओळ म्हणून पाहिली. माझी मलाच ऐकू आली नाही. खर्जातला घेतला.

येताना मुद्दाम गप्प राहिलो. म्हसावद ओलांडून घाट लागला तसं तिने पाठीत बोट टोचलं. "आज देव सुटीवर शे का?"

मग तिनेच भजन धरलं. चाल माझीच, जिथे मी चुकतो तिथेच चुकलेली.