मी कंपनीला रस्त्यावर आणतो

३ जानेवारी
शपथ घेतली. कंपनीला रस्त्यावर आणणार. फोनवर 'पडदे' टाइप केलं तर माझं दुकान सातव्या पानावर, आणि वर सगळे कंपनीच्या ऑनलाइन बाजारातले पडदे! स्पर्धा आयोगाकडे तक्रार ठोकली. बायको म्हणाली, आधी दुकानाच्या काचा पुसा. दूरदृष्टी म्हणून नाही.

१९ जानेवारी
आयोगाची पोच आली. 'आपली तक्रार इतर तक्रारींना जोडली आहे.' म्हणजे इतर सगळे माझ्या पाठीशी उभे राहिले. शेजारच्या चष्मेवाल्याला दाखवली. छान, म्हणाला. जळतो.

७ मार्च, दुपार
गिऱ्हाईक नाही. बरंच झालं, पुरावे लावायला सवड मिळाली. घरी बायको दिवसभर शिलाई मशीनवर. कुरियरवाला रोज गठ्ठे नेतो. विचारलं, तर म्हणाली, ऑर्डरी आहेत. येणारच! माझं नाव आहे बाजारात.

२२ जून
सुनावणी. मला बोलावलं नव्हतं, तरी जाऊन शेवटच्या रांगेत बसलो. कंपनीच्या वकिलाकडे एकटक बघत राहिलो. तो दोनदा पाणी प्यायला. खचलाय.

४ सप्टेंबर
जिंकलो!! जबर दंड. शिवाय छोट्या विक्रेत्यांवर लादलेले सगळे करार रद्द. रडा म्हणावं आता. चष्मेवाल्याला चहा पाजला, दोन वेळा निकाल वाचून दाखवला.

५ सप्टेंबर
दुकानात कुणी नाही. बातमी पसरायला वेळ लागतो.

९ सप्टेंबर
मशीन बंद. कुरियरवालाही नाही. बायकोला विचारलं, बरं नाही का? तिने मोबाइल पुढे केला. कंपनीचा मेसेज. नवे करार होईपर्यंत छोट्या विक्रेत्यांची विक्री बंद. खाली विक्रेता म्हणून तिचं नाव. वर्षभर दुकान तिथल्या विक्रीवरच चाललंय, म्हणाली.
आधी का नाही सांगितलंस, म्हणून ओरडलो.
तर म्हणाली, कंपनीला शिव्या देताना तुम्ही किती टवटवीत दिसायचात. तो उत्साह मोडवेना.
जेवलो नाही.

११ ऑक्टोबर
विक्री परत सुरू. कंपनी अपिलात गेलीय म्हणे. जिंकायला हवी. चष्मेवाल्याजवळ बोलायचं नाही.
सकाळपासून पार्सलं बांधतोय. बायको एकेक उघडून परत बांधतेय.