चाकावरची काळी भुकटी

वर्धा,
३ मे

ती. प्रेमदास मामांस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर आपण मामा-भाचे बोललो की गल्लीतले कुत्रे भुंकतात, म्हणून तानामामीनं नियम लावला आहे: जे भांडायचं ते कागदावर भांडा आणि गाडीच्या कप्प्यात ठेवा. ठीक आहे. दर शनिवारी गाडी आंजीला आणून लावतो, तसं आज हे पत्रही लावून राह्यलो.

मामा, गाडी तुमची, भाडी मारतो मी, आणि लाज निघते माझी. पांढरी शुभ्र गाडी, आणि दोन दिवसांत पुढची दोन्ही चाकं चुलीतून काढल्यासारखी. ही ब्रेकची भुकटी आहे. पॅड डिस्कला घासून झिजतात आणि झिजलेलं सारं चाकावर येऊन बसते. काल काजलले तिच्या नर्सिंग कॉलेजवर सोडायला गेलतो, तर तिचा भाऊ अश्वजित फाटकापाशीच उभा. चाकाकडे पाहून म्हणे, काय हिरो, कोळसा वाहतो काय? चार पोरींसमोर! उतरून कॉलरच धरणार होतो. काजलनं डोळे वटारले म्हणून वाचला.

पॅड तसेही संपले आहेत, सचिन मिस्त्रीनं काढून दाखवले. बदलायचेच आहेत तर कमी भुकटीचे, सिरॅमिकचे टाकू. चाक हप्ताभर पांढरं राहते. काजलनं आमचं घरी सांगितलं आहे. बुद्धपौर्णिमेला तिचे बाबा, बापूजी, केळझरहून दीक्षाभूमीवर जाणार आहेत आणि त्यांनी मुद्दाम माझीच गाडी सांगितली. गाडीच्या निमित्तानं ते पोरगा पाहून राह्यले. कॉलेज मी अर्ध्यात सोडलं, डिग्री कुठून दाखवू? निदान चाक तरी दाखवू द्या.

रागासकट लोभ असू द्यावा.
आपला भाचा,
रुपेश


आंजी (मोठी),
४ मे

चि. रुपेश यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर पाहून वाटलं, कागदावर दोन कोंबडे भांडून गेले.

ते नवे पॅड टाकायचे नाहीत. जे कमी झिजते ते कमी धरते, असं माझं मत आहे. एसटी चालवण्यात जन्म गेला माझा. आणि दुसरं सांग, हीच गाडी, हेच पॅड, माझ्या हातात होते तेव्हा चाक रविवार ते रविवार पांढरं राहत होतं. तुझ्याच पायाखाली काऊन काळं होते? मागच्या महिन्यात तुझ्यासंग आम्ही आर्वीले गेलतो. समोर म्हैस दिसली की तू आधी हॉर्न मारतो, मग शिवी देतो, आणि सगळ्यात शेवटी ब्रेक, तोही असा की तुझ्या मामीचं डोकं समोरच्या सीटवर आपटते. ट्रॅक्टरवाल्यानं रस्ता नाई दिला की तेच. बाबू, चाकावर तुझा राग बसते. पॅड जुन्याच कंपनीचे टाक आणि पाय हलका ठेव.

बापूजींसाठी मामीनं कप्प्यात बडीशेपेचा डबा ठेवला आहे. ती म्हणते, जेवत जा, काजलच्या नावानं उपाशी राहणाऱ्याले कोणी जावई करून घेत नाई.

तुझं भलं पाहणारा,
प्रेमदास मामा


वर्धा,
१३ मे

ती. मामांस,
जयभीम. 'सप्रेम' लिहायचा आज मूड नाई.

तुमचं पत्र वाचलं आणि तस्साच सचिनकडे गेलो, सिरॅमिकचे पॅड टाकले. या शनिवारी गाडी मुद्दामच आंजीला आणली नव्हती. घ्या, सांगून टाकलं. आणि तुमचं मत साफ खोटं आहे. हे पॅड झकास धरतात, वर चाकाले बोट लावलं तर बोट कोरडं.

काल पौर्णिमेला बापूजी समोर बसले, मागे काजल आणि तो अश्वजित. केळझर सुटत नाई तो त्यानं सुरू केलं. म्हणे, तू कॉलेज सोडलं का कॉलेजनं तुले सोडलं? म्हणे, भाड्याच्या ड्रायव्हरले पेन्शन असते काय? मी एक शब्द बोललो नाई, मामा. काजलची शपथ. दात दाबून बसलो. पण पाय माझं ऐकत नव्हता. बापूजींनी दारावरचा दांडा धरला तो नागपूर येईस्तोवर सोडला नाई. बडीशेपेचा डबा काजलच्या मांडीवर उपडा झाला. मले वाटलं, म्हातारा माणूस, गाडीची सवय नसेल.

उतरल्यावर मी फडका घेऊन चाकापाशीच उभा राह्यलो, त्यांनी पाहावं म्हणून. त्यांनी पाह्यलं. म्हणाले, चाक छान ठेवलं बाबू. मग म्हणाले, परतीले आम्ही एसटीनं जाऊ. काजल ओढणीतली बडीशेप झटकत त्यांच्यामागे गेली. वळून पाह्यलं नाई.

अशी पांढऱ्या चाकांची रिकामी गाडी घेऊन मी वर्ध्याले आलो. सगळं त्या अश्वजितमुळे. आणि तुमच्यामुळे, शाप दिल्यासारखं लिहिलं तुम्ही!

लोभाचं तुमचं तुम्ही पाहा.
रुपेश


आंजी (मोठी),
१८ मे

चि. रुपेश यास,
आशीर्वाद, तुले नको असले तरी.

काल गाडी लावून न जेवता मागच्या गल्लीनं पळाला, म्हणून मामी रुसली आहे.

आज गाडी चालवून पाह्यली. पॅड खरंच चांगले आहेत. माझं मत चुकलं, परत घेतो. पण तुझ्या कामाचे ते नाहीत. काळी भुकटी तुझी चुगली करत होती, तू चुगलखोरालेच घराबाहेर काढलं. चाक गप्प बसलं, पण सीटवर बसलेल्याचं पोट कसं गप्प बसवशील?

बापूजींचा फोन आलता. तक्रार नाई केली. म्हणाले, पोरगा मनाचा साफ आहे, माझ्यापुढे तोंड उघडलं नाई, पण सारा राग पायानं बोलला. माझी पोरगी जन्मभर दांडा धरून बसेल काय? मी काय सांगू त्यांना? त्यांनी दार लावलं नाई, एवढं समजून घे.

तुझ्यावर रागावलेला आणि तुझाच,
प्रेमदास मामा


वर्धा,
२४ मे

ती. मामांस,
सप्रेम जयभीम. (सप्रेम लिहिलं आहे, पाहून घ्या.)

राग गेला असं समजू नका. अश्वजितवर आहे, तुमच्यावरही आहे. सोमवारी काजल बसस्टॉपवर दिसली. माझ्या गाडीत बसली नाई. म्हणे, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसता येईल तेव्हा सांगजो. इतका संताप आला की तिथूनच सचिनकडे गेलो आणि नवेकोरे पॅड काढायला लावले. तो म्हणे, येडा झाला काय, चांगले पॅड काऊन काढतो? म्हटलं, जुन्या कंपनीचे टाक, सगळ्यात जास्त काळं करणारे.

तेव्हापासून चाकाले फडका लावला नाई. आज तशीच गाडी लावून राह्यलो. मामीले सांगजा, जेवून जातो. उद्या सकाळी उजेडात चाकं पाहा आणि जसं दिसेल तसं लिहा, भाचा म्हणून सूट देऊ नका. ज्या रविवारी ती तुमच्या हातातल्यासारखी पांढरी दिसतील, त्या रविवारी बापूजींना फोन तुम्ही करायचा.

उद्या करू नका. मी आताच पाहून आलो.

चाकं उजळेस्तोवर लोभ धरून ठेवावा.
आपला,
रुपेश