माझ्या नावाने छापल्या गेलेल्या एकतीस नोंदी

अल्लाहच्या नावाने सुरुवात करते. मी, लमीस फवाज अद-दर्वीश, हिकमत अस्-सय्याह यांची पत्नी, वय सेहेचाळीस, काम लेखन व लेखनाचे वर्ग, राहणार इर्बिद, जुन्या धान्यबाजारामागच्या उतारावरील घर, दुसरा मजला, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर आपल्या मर्जीने, आपल्या हाताने लिहीत आहे. अशा कागदात मन ठिकाणावर असल्याचे लिहावे लागते, म्हणून लिहिते. ठिकाणावर आहे. गुरुवारी दुपारपासून ते एकाच ठिकाणी आहे, स्वयंपाकघराच्या दारात, आणि तिथून हलायला तयार नाही.

लिहिण्याचे कारण साधे आहे. येत्या बुधवारी माझ्या गळ्यातली गाठ काढणार आहेत. डॉक्टर म्हणाले, गाठ काही वाईट नाही. मग उठता उठता म्हणाले, आवाजाची नस मात्र अगदी तिला चिकटून जाते.

कलम १. माझ्यामागे जे काही उरेल त्याचा चौथा हिस्सा पती हिकमत यांना, अर्धा मुलगी रुबा हिला आणि राहिलेला चौथा भाऊ नबील याला जाईल. हे मी ठरवलेले नाही, कायद्याने ठरलेले आहे. नबील बापाच्या दफनानंतर या घराचा जिना चढलेला नाही. तरीही मी आड येत नाही. गावाकडची माझ्या वाट्याची ऑलिव्हची झाडे त्यानेच घ्यावीत. फक्त तोडणीच्या वेळी फांद्या काठीने झोडू नयेत. फळे हाताने ओरबाडावीत, बाबा ओरबाडायचे तशी. झाडाला मार पुढच्या वर्षीपर्यंत आठवतो.

कलम २. अक्रोडाचे लिहायचे मेज रुबाला. हिकमतना माझी सगळी पुस्तके, म्हणजे ते ती शेवटी एकदाची वाचतील. शिवणाची मोठी कात्री शेजारच्या उम्म कायदला, म्हणजे कायदच्या आईला. ती अकरा वर्षांपूर्वी तासाभरासाठी नेली होती, आता परत आणायची गरज नाही. वकील उस्ताद सुहैल यांनी सांगितले की जिला काही मिळणार तिने साक्षीदार होऊ नये. उम्म कायद म्हणाली, "मग साक्षीला दुसरं कुणी बघा. कात्री मी सोडत नाही."

कलम ३. आता शम्साविषयी. शम्सा ही हिकमतची थोरली बहीण, वय त्रेसष्ट, अविवाहित. हे घर तिच्या बापाचे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती इथे होती, आणि मी गेल्यावरही तिने इथेच राहावे. तिला कोणी वेगळ्या खोलीत, कोणा पुतण्याकडे वगैरे हलवू नये.

तिच्या-माझ्यात नऊ वर्षे बोलणे नाही. त्याची हकिगत अशी. मी तेव्हा कागदाच्या चिठ्ठ्यांवर लिहीत असे. सुचलेली ओळ, बाजारात ऐकलेले वाक्य, रंग, वास, एकेक चिठ्ठीवर. चार वर्षांच्या चिठ्ठ्या एका खोक्यात होत्या आणि त्यांतून माझे पहिले पुस्तक व्हायचे होते. ते मकदूसचे दिवस होते. उकडलेल्या छोट्या वांग्यांना चीर देऊन, मीठ भरून, वर दगड ठेवून त्यांचे पाणी काढायचे असते, मग अक्रोड-लसूण भरून, रात्रभर बरणी उलटी ठेवून, तेलात. पाणी शोषायला खाली काहीतरी अंथरावे लागते. शम्साला अक्षर ओळखता येत नाही, सरळ रेघेसारखे पहिले अलिफसुद्धा नाही. तिने खोके उघडले आणि अंथरले.

मी बाहेरून आले तेव्हा माझी चार वर्षे तीस किलो वांग्यांखाली निळीजांभळी झाली होती. मी जे बोलले ते इथे लिहिते, कारण मृत्युपत्रात खोटे चालत नाही. सगळ्यांसमोर मी म्हणाले, "जिला अलिफ आणि काठी सारखीच दिसते तिला कागद काय कळणार?" शम्साने हात पुसले, खोलीत गेली आणि त्या दिवसापासून माझ्याशी बोललेली नाही. मीही नाही.

कलम ४. कागदावरचा विश्वास उडाला म्हणून मी फोनमध्ये नोंदवही घेतली. बोलले की ती लिहून घेते, लेबल लावते, खणाखणांत ठेवते, आणि वर्षभराने "लसणीचा वास" एवढे विचारले तरी तीन नोंदी शोधून हातात देते. ज्या बाईचे चिठ्ठ्यांचे खोके एका दुपारी बुडाले तिला याचे मोल विचारा. मला पुन्हा लिहिता आले ते यामुळेच, आणि हे मी आजही मागे घेत नाही.

याच नोंदवहीचा दुसरा उपयोग हिकमतनी काढला. "महिनाभर मी या घरात दोन देशांमधला राजदूत आहे," ते म्हणाले, "आणि दोन्ही देश मला जेवायला घालत नाहीत." त्यांनी स्वयंपाकघराच्या भिंतीवर एक टॅब लावला. शम्साने त्यात सामान बोलायचे, ते माझ्या फोनवर अक्षरांत यायचे, बाजारातून मी आणायचे. तोंड बघायला नको. नियम मी स्वतः घातला होता: जे वाणसामान वाटेल ते "बाजार" या खणात टाक, आणि जे वाटणार नाही ते "सुचलेले" या खणात. कारण "सुचलेले" मध्ये माझ्या सकाळच्या अर्धवट झोपेतल्या नोंदी जात असत. एकच खाते, एकच खण. दुसऱ्या कोणाला काही सुचेल हे माझ्या ध्यानातच आले नाही.

माझ्या वर्गांत मी बायकांना तीन गोष्टी शिकवते. सुचले की लगेच बोलून ठेवा. लेबल लावा. आणि मग महिनाभर उघडू नका. उघडाल तेव्हा काही ओळी अनोळखी वाटतील, जणू दुसऱ्या कोणी लिहिल्यात. घाबरू नका, मी सांगायचे, त्याच तुमच्या सगळ्यात खऱ्या ओळी.

"बरणी उलटी ठेवताना" हे माझे पुस्तक अशा अनोळखी ओळींतूनच झाले. सत्तेचाळीस छोट्या नोंदी. ते तीनदा छापले गेले आणि चौथ्यांदा छापायला जायचे आहे.

कलम ५. गुरुवार. दुपारचे जेवण झाले होते. रुबा आणि मी मेजाशी बसून माझ्यामागे काय-काय कोणाकडे जाईल याची यादी करत होतो. नोंदवही मला रुबाला द्यायची होती.

"ममा, नुसता पासवर्ड देऊन भागत नाही," ती म्हणाली. ती वीस वर्षांची आहे आणि माझ्याशी मोठ्या बहिणीसारखी बोलते. "खासगी काय असेल ते आधी काढून टाक. आवाजसुद्धा."

"कसला आवाज?"

"प्रत्येक नोंदीखाली मूळ आवाज असतो ना. तो बघ, छोटा त्रिकोण."

"मी बोलले की त्याची अक्षरं होतात."

"अक्षरं होतात. आवाज कुठे जाईल? नऊ वर्षं वापरतेस, वर्ग घेतेस, आणि एकदाही दाबलं नाहीस?"

मी दाबले. गंमत म्हणून पुस्तकातली सगळ्यांच्या तोंडी असलेली नोंद काढली. ती अशी आहे: "मीठ लागलं की कागदालाही पाणी सुटतं. ते कागद कुणाचे तरी दिवस आहेत हे मला कुणी सांगितलं असतं, तर वांगी मी माझ्या डोक्यावरच्या ओढणीवर पसरली असती." ही छापताना मला माझाच अभिमान वाटला होता. किती मोठ्या मनाने मी त्या बाईच्या जागी उभी राहिले, असे. वाचकांनीही तेच लिहून कळवले.

आधी नळ वाहिल्याचा आवाज आला. मग पातेल्यावर झाकण. मग शम्सा.

तीच वाक्ये, पण अडखळत, मध्ये दोनदा थांबून, एकदा नाक ओढून. ॲपने तिचे बोलीतले बोलणे नीटनेटके करून माझ्यासारखे केले होते. नऊ वर्षांत मी तिचा आवाज इतका जवळून ऐकला नव्हता. रुबा बोलत होती ते मला दिसत होते, ऐकू येत नव्हते.

मी दुसरी नोंद दाबली. शम्सा. तिसरी माझी होती. चौथी शम्सा. संध्याकाळच्या अजानपर्यंत आम्ही सगळ्या सत्तेचाळीस ऐकल्या. एकतीस तिच्या. माझ्या सोळा, आणि त्या सोळांपैकी कोणी पाठ म्हणून दाखवलेली मला एकही आठवत नाही.

"तुला माहीत होतं?" मी रुबाला विचारले.

"मला वाटलं तुम्ही दोघी मिळून लिहिता," ती म्हणाली. "तोंडाने बोलत नाही तर अशा बोलता, असं वाटलं. मी शम्सा अम्मतोला पुस्तक वाचून दाखवलं, तेव्हा ती पानापानाला मान हलवत होती. ममा, तू खरंच...?"

तेवढ्यात माझ्या हातातला फोन वाजला. दहा पावलांवरच्या स्वयंपाकघरातून निरोप होता. "बाजार" मध्ये आले: लसूण अर्धा किलो, अक्रोड, जाडे मीठ. आणि "सुचलेले" मध्ये आले: गळ्याला वारा लागू देऊ नये.

मी उठले, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. शम्सा पाठमोरी वांग्यांची देठे काढत होती. मला नाव घेऊन हाक मारता आली नाही. मी परत आले.

कलम ६. शनिवारी उस्ताद सुहैल सुट्टी असूनही घरी आले. मी म्हणाले, पुस्तक शम्साला द्यायचे आहे.

"नणंद तुमची वारस नाही, उम्म रुबा," ते म्हणाले. "मृत्युपत्राने तिला फार तर तिसरा हिस्सा देता येतो. त्याहून जास्त द्यायचं तर तुमच्या भावाचीही संमती लागेल. आणि नबील तर, तुम्हाला माहीतच आहे."

"मी देत नाहीये. ते तिचंच आहे. माझ्याकडे चुकून राहिलं."

त्यांनी चष्मा काढला. "मग ती ठेव झाली. ठेव आधी परत जाते. मग मृत्युपत्र, मग वारस. पण तसं तुम्हाला कबूल करावं लागेल, लिहून, सहीनिशी. लोक वाचतील. वर्ग बंद पडतील कदाचित. नीट विचार करा."

विचार करून लिहिते. "बरणी उलटी ठेवताना" या पुस्तकातील एकतीस नोंदी शम्सा अस्-सय्याह हिच्या आहेत. त्या मला सुचलेल्या नाहीत. मी जगले वा मेले तरी त्या तिला परत जाव्यात. चौथ्या छपाईत तिचे नाव आधी यावे, माझे नंतर. त्या नोंदींवर वारसांपैकी कोणाचाही हक्क नाही, कारण माझाच नव्हता.

कलम ७. माझ्या वर्गांत आलेल्या प्रत्येकीला रुबाने कळवावे की मी तिसरी गोष्ट चुकीची शिकवली. ओळ अनोळखी वाटली तर आधी त्रिकोण दाबा. कोण बोलतेय ते ऐका.

कलम ८. भिंतीवरचा टॅब कोणी काढू नये. तो शम्साचा. नोंदवही रुबाची, पण "सुचलेले" हा खण शम्साला विचारल्याशिवाय उघडायचा नाही.

पुरवणी, सहीच्या आधी, त्याच हाताने.

जी बाई वाचू शकत नाही आणि कबुलीजबाबाखाली अंगठा देणार आहे तिला कागद पूर्ण वाचून दाखवावा लागतो. आज सकाळी उस्ताद सुहैलनी वाचायला सुरुवात केली. शम्सा खुर्चीच्या कडेवर बसली होती, हाताला वांग्याचा डाग. पहिल्या ओळीलाच तिने हात वर केला.

"उस्ताद, तुम्ही राहू द्या. हिला वाचू दे. बुधवारनंतर हा आवाज कसा असेल कुणास ठाऊक."

मी वाचले. तिच्याकडे न बघता. अलिफ आणि काठीचे वाक्यही वाचले. पाचव्या कलमापाशी ती म्हणाली, "थांब. म्हणजे तू ऐकत नव्हतीस?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही. मला फक्त अक्षरं दिसायची."

"आणि मी बावळट नऊ वर्षं त्या काचेशी बोलतेय. मीठ संपलं, तेल संपलं, आणि मध्येच आपलं काळीज." ती हिकमतकडे वळली. "तू लावलास ना रे तो? राजदूत!"

हिकमत खिडकीतून बाहेर बघू लागले.

"मला वाटलं, ही तोंडाने बोलत नाही, पण ऐकते आणि छापून उत्तर देते," शम्सा म्हणाली. "म्हणून तर मी तुला माफ करून टाकलं होतं."

"मला?"

"मग कुणाला? काठी कोण म्हणालं होतं?"

"आणि आता?"

"आता परत विचार करावा लागेल. वाच पुढे."

मी शेवटपर्यंत वाचले. आवाज दोनदा गेला, गाठीमुळे नव्हे. अंगठा देण्याआधी तिने एक बदल सांगितला. उस्ताद म्हणाले, बदल कागदावर यायला हवा, म्हणून तिच्याच शब्दांत लिहिते.

"ती मीठ आणि कागदाची नोंद परत नको. ती माझी राहिली नाही. ती मी तुला दिली होती, तू उशिरा ऐकलीस एवढंच. बाकीच्या दे."

म्हणून कलम ६ मध्ये एकतीसऐवजी तीस वाचावे.

वाचून दाखवले: लमीस फवाज अद-दर्वीश, स्वतःच्या आवाजात. सही.

ऐकले: शम्सा अस्-सय्याह. डाव्या हाताचा अंगठा. शाईवर वांग्याचा डाग आहे, तो तसाच ग्राह्य धरावा.

साक्षीदार: सुहैल अल-काझिम, वकील. सही.
साक्षीदार: अबू नायेफ, खालच्या मजल्यावरचे मसाल्याचे दुकानदार. सही.

इर्बिद, रविवार, ५ ऑक्टोबर २०२५.