दोन्ही बटणं डावीकडे

मिरकरवाडा, रत्नागिरी
१२ जानेवारी

प्रिय नितेश,

फोन उचलत नाहीस, मेसेज बघून गप्प बसतोस, म्हणून शेवटी कागद घेतला. डाव्या हाताने लिहितोय, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस. शाळेत तुझं उजव्या हाताचं याहून वाईट होतं. बातमी अशी की येत्या पंचवीस तारखेला, रविवारी, मी सायकलने गुहागरहून पूर्णगडला जाणार आहे. आपण दोघांनी ठरवली होती तीच वाट. तवसाळला फेरीबोट, मग जयगड, मालगुंड, आरे-वारेचा चढ, रत्नागिरी आणि पुढे पावसवरून खाली, सगळं एका दिवसात. शमिका म्हणते, नवऱ्याचं डोकं फिरलंय. फिरलं असेल, पण जाणार म्हणजे जाणार.

बोटीवर जाळं ओढणाऱ्या विंचने माझा उजवा अंगठा आणि शेजारचं बोट नेलं, त्याला तीन वर्षं झाली. त्या दिवशी विंचवर तू होतास. महिन्याभरात तू पनवेलच्या गोदामात नोकरी धरलीस आणि परत बंदरावर पाय ठेवला नाहीस. मला मात्र सायकल सोडवेना. उरलेल्या तीन बोटांनी ब्रेक दाबता येतो, पण गिअर ढकलायला अंगठाच लागतो. तळहाताने ढकलून पाहिला आणि दोनदा तोंडावर आपटलो. त्यात आपली खारी हवा. हँडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणारी गिअरची वायर वर्षभरात गंजते, मग धडधाकट माणसालासुद्धा तो ढकलवत नाही.

मग बिनवायरच्या गिअरचं कळलं आणि पुण्याच्या एका दुकानातून मागवला. मागच्या चाकापाशी लोंबणारा डिरेलर, साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा, त्याच्या पोटातच इवलीशी मोटर आहे आणि पाठीला काडेपेटीएवढी बॅटरी. हँडलवरचं बटण दाबलं की झिर्र करून साखळी सरकते. मधे जोडणारं काहीच नाही, त्यामुळे बटण हवं तिथे बसवता येतं. पुढचं चक्र एकच ठेवलं आणि दोन्ही बटणं डाव्या अंगठ्याखाली घेतली. वरचं दाबलं की गिअर जड, खालचं दाबलं की हलका. आयुष्यभर इंजिनं खोलली मी, पण ही रचना बघत तासभर मांडी घालून बसलो. जुना डिरेलर फ्रेमला एका पातळ पट्टीने धरलेला असायचा, सायकल पडली की ती पट्टी वाकायची आणि सगळे गिअर बिघडायचे. यात ती पट्टीच नाही, डिरेलर थेट चाकाच्या दांड्यावर बसतो. खात्री करायला मी सायकल मुद्दाम त्या बाजूवर पाडली. शमिकाने कपाळावर हात मारून घेतला. एक ओरखडा आला, गिअर जिथल्या तिथे.

तरी अक्कल पाजळलीच. घराला रंग लावायचा होता म्हणून सायकल आठवडाभर धक्क्याला बांधलेल्या बोटीवर, केबिनमध्ये ठेवली. आपल्याला बोटीहून सुरक्षित जागा कुठली वाटणार? काढायला गेलो तर बॅटरी ठार. पुण्याला फोन केला तेव्हा समजलं, हा डिरेलर सायकल थांबली की झोपतो आणि हलली की जागा होतो. धक्क्याची बोट म्हणजे सतत डुलणार, तेव्हा बिचारा आठवडाभर निघायच्या तयारीत. सायकल बोटीवर ठेवतात हेच पुण्याच्या माणसाला पटेना. सगुणाकाकी शेजारीच मासळी निवडत होती. “झोप नाय लागली रे त्याला, म्हणून दमला,” म्हणाली आणि खूप हसली. मग एकदम पदराने डोळे पुसले. तुला तिकडे झोप लागत नाही, हे तू तिला, तुझ्या आईला, सांगितलंस आणि तिने मला.

नितेश, हे पोटात ठेवून ती वाट मला चढवणार नाही. इंजिनाच्या आवाजात बोललेलं ऐकू येत नाही म्हणून आपण हाताने खुणा करतो, हात वर केला की विंच चालू. त्या दिवशी मी हात वर केला होता. दोर विंचच्या ड्रमवर नीट बसलेला नाही हे दिसत होतं, तरी घाईत डावा हात वर केला आणि उजव्याने दोर सारायला गेलो. तू खूण बघितलीस आणि करायचं तेच केलंस. हॉस्पिटलमध्ये तू विचारलंस, हात केला होतास ना? सगळे उभे होते. मी नाही म्हणालो. बोटं गेली त्याचा राग कुणावर तरी काढायचा होता, आणि समोर तू होतास. काल धक्क्यावर सगळ्यांदेखत खरं सांगितलं आणि सगुणाकाकीच्या पाया पडलो. ती टोपली उचलून निघून गेली. तूही पाठ फिरवलीस तर चालेल, माफी मागायचा हक्क मला आहे, मिळवायचा नाही. पण घरी ये. माझ्यासाठी नको, आईसाठी ये. इथे आता तुला कुणी काही म्हणणार नाही, चूक कुणाची हे सगळ्यांना ठाऊक आहे.

म्हणू देशील तर, तुझाच
हर्षद