हौसा कोणाच्या हाताला येते

॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर,
५ मार्च २०२३

ती. मनकर्णाअक्कास, धाकट्या गोकुळचा सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, आम्ही सगळे सुखरूप आहोत. फोनच करणार होतो. पण आपला फोन कसा होतो हे तुला ठाऊक आहे. मी इकडून ओरडतो, तुला ऐकू येत नाही, मग राजकुमार माझं बोलणं तुझ्या कानाशी पुन्हा ओरडतो, आणि शेवटी निरोप नीट पोचतो तो शेजारच्या कडूबाला. तुझे कान अधू झाल्यापासून माझ्या घरचं सगळं अख्ख्या देवगावाला कळतं. म्हणून ही गोष्ट कागदावर.

या मे महिन्यात तुला समुद्र दाखवायचं ठरलंय. गेली अकरा वर्षं ठरतंय, हे तू म्हणायच्या आधी मीच म्हणून टाकतो. या वेळी मी वही केलीय. रविवार सात मे ते शनिवार तेरा मे. दिवेआगर, हरिहरेश्वर, केळशी, आंजर्ले, गुहागर असं किनारा धरून खाली खाली जायचं आणि मुक्काम समुद्राकाठी तंबूत करायचा. मध्ये खाडी आली की गाडीच नावेत चढते. प्रेरणा कंपनीतल्या मैत्रिणींबरोबर डोंगर चढत फिरते, तिच्याकडे दोन तंबू आहेत. गाडीही तीच चालवणार, बापाच्या हाती देत नाही. सुलेखा, मी आणि तू. सातच दिवस का, तर आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो. सहा तारखेला पाणी भरून निघायचं आणि चौदाला परत नळाखाली बादली लावायची. लोक मुहूर्त बघून निघतात, आम्ही नळ बघून.

तुझी अडचण मला पाठ आहे. हौसा. तिचंही गणित मांडलंय. ती गणपतीत फळली, असं तूच सांगितलं होतंस. म्हणजे आषाढात विणार, म्हणजे मेच्या आरंभी आटणार. आटलेल्या म्हशीला चारापाणी राजकुमारही करू शकतो. पस्तीस वर्षं जमिनी मोजलेल्या माणसाचं गणित आहे, चुकायचं नाही.

राजकुमारला आणि सूनबाईला आशीर्वाद. होकार उलट टपाली यावा. लोभ आहेच, समुद्राच्या पाण्यानं तो खारट होऊ नये, एवढीच विनंती.

तुझा,
गोकुळ


॥ श्री ॥

देवगाव रंगारी,
१४ मार्च २०२३

चि. गोकुळ यास मनकर्णाअक्काचे अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमननं ते राजकुमारच्या खताच्या दुकानात दिलं, तिथं बसलेल्या तिघांनी ठरवून टाकलं की जमिनीची नोटीस आली. तुझं अक्षर बघितलं तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

तुझं गणित लई भारी आहे, फक्त म्हैस त्यात बसत नाय. हौसा गणपतीत फळली होती खरी, पण उलटली. दत्तजयंतीला पुन्हा दाखवली तेव्हा कुठं राहिली. दसऱ्यानंतर तू गावाकडं फिरकला असतास तर तुला कळलं असतं. म्हणजे मेमध्ये ती दुधात असणार, दोन्ही वेळचं मिळून पाच लिटर. तिचं पारडू पहिल्याच महिन्यात गेलं, तेव्हापासून ती माझ्याशिवाय कोणाच्या हाताला येत नाय. दुसरं कोणी खाली बसलं की पान्हा चोरते. दोन दिवस दूध अडलं तर कास सुजेल. मुक्या जनावराला असं टाकून मला समुद्र गोड लागायचा नाय. तुम्ही जाऊन या.

आता नुसतं माहितीसाठी विचारते. तंबूला आतून कडी असते का? माझ्या गुडघ्यांनी वाकून आत जाता येतं, की रांगत जावं लागतं? रांगणारी म्हातारी बघायला गर्दी जमेल. प्यायचं पाणी तिथं कुठून आणतात? एवढं पाणी डोळ्यांसमोर आणि घोटभर पिता येत नाय म्हणजे तुमच्या गल्लीसारखंच झालं म्हणायचं. आणि गाडी नावेत चढते ही थाप तू लहानपणापासून मारत आलास तशीच आहे, की खरी?

मी येणार नाय, तेव्हा उत्तराची घाई नाय. पण लिही. सुलेखाला आणि प्रेरणाला माझी आठवण सांग. माया आहेच, ती पत्रानं वाढते असं दिसतं.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर,
२१ मार्च २०२३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

गणित चुकलं, कबूल. पण येणार नाही म्हणणाऱ्या बाईनं एका पत्रात चार प्रश्न विचारले, हे मी मोजलं. तर उत्तरं घे. तंबूला कडी नसते, चेन असते. रांगतच जावं लागतं, पण तिथं सगळेच रांगतात, त्यामुळं गर्दी जमत नाही. पाण्याचे कॅन गाडीतून न्यायचे. गाडी नावेत चढते ते खरं आहे.

आता हौसाचं. आठवतं का, आई आजारी पडली की नाना तिचं लुगडं गुंडाळून म्हशीखाली बसायचे, मिशांसकट. म्हैस तोंड बघत नाही, वास बघते, असं ते सांगायचे. तुझं अंगावरचं न धुतलेलं लुगडं राजकुमारला दे आणि त्याला आजपासून बसव. दीड महिना हातात आहे.

अक्का, थट्टा बाजूला ठेवून एक लिहितो. पाचवीत मला महाराष्ट्राचा नकाशा काढून आणायला सांगितला होता, तो तू काढून दिलास. तुझी शाळा सातवीला सुटली होती, आणि माझी चालू राहावी म्हणून सुटली होती, हे तेव्हा मला कळत नव्हतं. गुरुजींनी नकाशा भिंतीवर लावला, शाबासकी मला मिळाली, आणि पुढं जन्मभर नकाशे काढूनच माझं पोट भरलं. ज्या बाईनं तो किनारा काढला तिनं तो एकोणसत्तर वर्षांत बघितला नाही, हे मला फार टोचतं. दिवाळीत तुझ्या गुडघ्यांचं ऑपरेशन आहे. त्यानंतर वाळूत चालणं, जमिनीवर बसणं काय होईल ते डॉक्टरलाही सांगता येत नाही. म्हणून याच मेमध्ये.

राजकुमारला सांग, लुगड्यात तो वाईट दिसणार नाही, बाप्याच्या कपड्यात बरा दिसतो असंही कुठं आहे. लोभ ठेवशीलच, जमलं तर होकारही ठेव.

तुझा,
गोकुळ


॥ श्री ॥

देवगाव रंगारी,
८ एप्रिल २०२३

चि. गोकुळ यास अनेक आशीर्वाद वि. वि.

तुझ्या सांगण्यानं आमच्या घरी काय तमाशा झाला तो वाच. राजकुमार आधी तयारच नव्हता. दुकानदाराला लुगड्यात बघितल्यावर गिऱ्हाईक खत घेऊन जाईल की हसून, असं त्याचं म्हणणं. सूनबाईनं त्याला चार दिवस जेवताना समजावलं, तेव्हा पाचव्या दिवशी पहाटे तो माझं हिरवं लुगडं गुंडाळून गोठ्यात गेला. हौसानं त्याला पायापासून डोक्यापर्यंत हुंगलं आणि बादली थेट गव्हाणीत उडवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी बादली वाचली, राजकुमारची मांडी सापडली. तो अजून लंगडतोय. कडूबा तिन्ही दिवस भिंतीवरून बघत होता आणि आता दुकानात येऊन राजकुमारला वहिनी म्हणतो.

मग सूनबाई बसली. तिला लाथ नाय मारली, पण दूधही नाय दिलं. मी अंगणात उभी होते. हौसा माझ्याकडं तोंड करून हंबरत राहिली, आणि शेवटी मीच जाऊन बसले. तेव्हा आता हा विषय सोड.

एक सांगते, हसू नको. मागच्या बाजारात मी कॅनव्हासचे बूट घेतले होते, वाळूत चालायला. ज्वारीच्या कोठीत लपवले होते. ते सूनबाईला सापडले. कोणाचे म्हणून विचारलं तर मी म्हटलं गोकुळचे. पाच नंबरचे. तिनं ते पुसून पुन्हा कोठीत ठेवले. येत्या बाजारात ते परत करणार आहे.

नकाशाचं मी पार विसरून गेले होते. तू विसरला नाहीस, त्यातच मला सगळं मिळालं. तू वाईट वाटून घेऊ नको. मला जावंसं वाटलं, तेवढं पुरे. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
अक्का


॥ श्री ॥

छत्रपती संभाजीनगर,
१३ एप्रिल २०२३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

बूट परत करायचे नाहीत. माझा पाय पाच नंबरचा कधी झाला ते भेटल्यावर बोलू.

येत्या एकोणीसला मी देवगावला येतोय, मुक्कामाला. राजकुमारचं चुकलं ते घाईत चुकलं. आधी चार दिवस नुसतं शेजारी बसायचं असतं, पाठ खाजवायची, पेंड हातानं चारायची. हे मी त्याला नानांसारखं शिकवतो. मात्र एक अट. पहिले पाच दिवस धार तूच काढ, त्यानंतर सकाळ-संध्याकाळ धारेच्या वेळी तू गोठ्याकडं फिरकायचं नाहीस. तुझी चाहूल लागली की हौसा दुसऱ्याला कशाला भाव देईल? तू घरात बसायचं आणि दूध आत आलं की माप बघायचं. माप कमी भरलं तर मी पुन्हा समुद्राचं नाव काढणार नाही.

आणखी एक. आठ मेला मोजणीच्या एका जुन्या दाव्यात माझी साक्ष लागलीय. तेव्हा सातला तुम्ही तिघी पुढं निघा, मी नऊला एसटीनं मागून येतो. वही तुमच्याकडं देतो, तिच्यात मिनिटांसकट सगळं आहे. सुलेखा म्हणते या वहीत फक्त शिंकायची वेळ लिहायची राहिलीय.

पुरणपोळी नको, ठेचा चालेल. भेटीत लोभाचं माप तूच बघ.

तुझा,
गोकुळ


(वहीत, दिवेआगरच्या पानात ठेवलेलं)

देवगाव रंगारी,
६ मे २०२३

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे तुझ्या हाती पडलं म्हणजे तुम्ही दिवेआगरला पोचलात. आधी खाली बस, मग वाच.

माझी कुठं साक्षबिक्ष नाही. मी येणार नाही. गोठ्यातून दुधाची बादली घेऊन राजकुमार आत येत होता, तेवढंच त्याचं काम होतं. हौसाखाली मी बसत होतो, तुझं हिरवं लुगडं गुंडाळून, चष्म्यासकट. राजकुमारला तिनं शेवटपर्यंत जवळ येऊ दिलं नाही. मला मात्र सहाव्या दिवशी पान्हा सोडला. का, ते तिलाच माहीत. सुलेखाचं म्हणणं असं की आपल्या दोघांच्या अंगाला एकाच घरचा वास आहे. त्या दिवशी मला आनंद झाला आणि लगेच हेही कळलं, की आता दोघांपैकी एकालाच जाता येईल. ठरवायला मला वेळ लागला नाही. मीही समुद्र बघितलेला नाही हे तुला ठाऊक आहे, आणि म्हणूनच खरं सांगितलं असतं तर तू उंबरा ओलांडला नसतास.

सुलेखाला आणि प्रेरणाला हे माहीत होतं, त्यांच्यावर रागावू नकोस. परत फिरू नकोस. फिरलीस तर हौसाला तोंड दाखवायला मला जागा राहणार नाही. कडूबाला फोटो काढू दिलेला नाही, निर्धास्त राहा.

समुद्र कसा दिसतो ते मला लिही. फोन नको, तुझ्या अक्षरात पाहिजे. लोभ इथंच आहे, गोठ्यात, तुझ्याच लुगड्यात.

तुझा,
गोकुळ


॥ श्री ॥

गुहागर,
१२ मे २०२३

चि. गोकुळ यास अनेक आशीर्वाद वि. वि.

हे पत्र बहुतेक माझ्या मागून पोचेल. पोचू दे. काही गोष्टी तोंडानं मला सांगता यायच्या नाहीत, आणि तू उत्तर दिलंस तर मला ऐकू यायचं नाय.

चिठ्ठी वाचून मी लई भडकले. आत्ताच्या आत्ता गाडी मागं फिरव, असं मी प्रेरणाला बजावलं. तिनं शांतपणे चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाली की आत्या, मी दमले, तुम्हीच चालवा. सुलेखा तोंडाला पदर लावून हसत होती, आणि नंतर बघितलं तर रडत होती. मी चावी तिला परत दिली. बूट घातले आणि सुरूच्या झाडांमधून एकटीच चालायला लागले.

गोकुळ, समुद्र दिसायच्या आधी मला ऐकू आला. सहा वर्षांत कोणी दोनदा न सांगता ऐकू आलेली ती पहिली गोष्ट. मला वाटलं मागून ट्रक येतोय, म्हणून मी बाजूला झाले. मग समोर बघितलं आणि राग कुठं गेला ते कळलं नाय. तू पाहिजे होतास. एवढंच वाटत राहिलं.

बाकी खबर अशी. गाडी खरंच नावेत चढली, तेवढी एक थाप तुझी खरी निघाली. तंबूत मी रांगत गेले, बघायला कोणी जमलं नाय, त्याचं थोडं वाईट वाटलं. तुझ्या वहीत केळशीला पाच मिनिटं चहा लिहिलाय, आम्ही तिथं दोन तास बसलो. वही आता सुलेखा सांडशीसारखी वापरते, गरम पातेलं धरायला.

आता मोठी बहीण म्हणून सांगते ते कर. हौसा जर माझ्याशिवाय तुझ्या हाताला आली, तर तिसऱ्याच्या हातालाही येईल. पत्र पोचेल त्या दिवसापासून सूनबाईला तुझ्या शेजारी बसव. पेंड तिच्या हातानं चारू दे. तू गेलास तरी ती बसत राहील. पुढच्या मेमध्ये हिरवं लुगडं तिच्या अंगावर असेल आणि वाळूत आपण दोघं असू. माझे गुडघे कसे का होईनात, मी रांगत येईन. आता त्याची सवय झाली.

आणि तो नकाशा. तू लिहिलंस तेव्हापासून मला सारखा आठवतोय. निळा खडू बोटभरच उरला होता, आणि तुला पुढं नद्याही रंगवायच्या होत्या. म्हणून मी किनाऱ्याला लागून एक बारीक पट्टी निळी केली आणि बाकी कागद कोराच सोडला. गुरुजींनी शाबासकी दिली, कारण त्यांनीही बघितला नसेल. आज सकाळपासून मी इथं बसून आहे आणि तो कोरा सोडलेला कागद बघते आहे. गोकुळ, आपण लई थोडा रंगवला होता रे.

हौसाच्या पाठीवरून माझा हात फिरव. माया सगळी तुझ्याकडं, इथं ठेवायला जागा नाय.

तुझी,
अक्का