पक्षाच्या कात्रीची वाटणी

मी, खाली सही करणारी, धंद्याने पुस्तकबांधणीवाली, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि डोकं ठिकाणावर ठेवून हे मृत्युपत्र लिहिते. डोक्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आमच्या पक्षात असा दाखला मिळेल अशी आता मी एकटीच उरले आहे.

१. राहतं घर धाकट्या बहिणीला. तिने राजकारणात कधी तोंड घातलं नाही, म्हणून आमचं अजून पटतं.

२. दुकानामागची खोली. सरकार लहान असावं म्हणणारा आमचा पक्ष इथेच जन्मला. रिवाज एकच होता. नवा नियम सुचवायचा, तर आधी भिंतीवरची माझी कात्री घेऊन एक जुना नियम कापायचा, मग तोंड उघडायचं. बैठका लवकर आटोपायच्या.

माझा भाचा याच खोलीत बोलायला शिकला. आता मंत्री झालाय. सरकार लहान करायला त्याने काय केलं? नवं खातं काढलं! वर त्या खात्याच्या इमारतीची फीत कापायला माझीच कात्री मागून नेली. "आत्या, केवढा मान मिळाला बघ तुझ्या कात्रीला!" मेल्याला लाजही वाटली नाही. यांची काटकसर म्हाताऱ्यांच्या औषधात. स्वतःच्या ताफ्यातली एक गाडी कमी करा म्हटलं की पोटात दुखतं. या विचाराला भवितव्य आहे का, असं पत्रकार विचारतात. असल्या दिवट्यांच्या हाती काय डोंबलाचं भवितव्य!

३. ती खोली आणि कात्री शेजारच्या शिंपीणबाईंना. त्या कायम आमच्या विरोधात मत देतात आणि तसं तोंडावर सांगतात. दर बैठकीला दारात उभ्या राहून विचारायच्या, "बाई, तुमचं सरकार इतकं रोडावलं तर माझ्या आईला औषध कोण देणार?" मी भांडायचे, पण उत्तरही शोधायचे. भाचा म्हणायचा, "हाकला हिला." अट एकच, कात्रीचा रिवाज चालू ठेवावा.

४. फितीचा तुकडा भाच्याने मला आठवण म्हणून दिला होता. तो त्याला परत.

५. भाच्याने खोली आपलीच धरून दारावरची पाटीही रंगवून घेतलीय. तरी त्याला एक संधी देते. आज साक्षीदार म्हणून त्यालाच बोलावलंय. सहीआधी त्याने हे वाचलं, तर मी कागद फाडीन आणि खोली त्याच्या नावे करीन. आपण सही कशावर करतोय एवढं तरी मंत्र्याने बघावं.

ठिकाण: दुकानामागची खोली.
दिनांक: ९ मार्च, सकाळी.
सही: पुस्तकबांधणीवाली.

साक्षीदार:
१) घरचे डॉक्टर. पूर्ण वाचून सही.
२) भाचा, मंत्री. सही, आणि तिच्यावर नव्या खात्याचा शिक्का.