खडकचांदणीची वाटणी

ती. सौ. वहिनींस सादर नमस्कार. तुमचा गुडघा आणि दादाचा खोकला कसा आहे हे विचारायला ही बाई काही पत्र लिहिणार नाही, असे तुम्हांला वाटेल आणि ते बरोबरही असेल. तरीही प्रकृती कळवावी. मी ठणठणीत आहे. बाकी काहीच ठीक नाही.

तीन देशांनी मिळून आपल्या भागातल्या मूळच्या वनस्पतींची नोंद करायचे काम आमच्या कॉलेजात चालू आहे, हे दादाने सांगितलेच असेल (‘आंतरराष्ट्रीय’ म्हणताना तो छाती फुगवतो, म्हणून तर खोकला). त्यासाठी दोन पाहुणे आले. एक इतका उंच, की शिपाई त्याला ‘खांब’ म्हणतो. दुसरी बाई अखंड शिंकते (वनस्पतिशास्त्राची प्राध्यापक आणि फुलांचे वावडे!). त्यांना माझी प्रयोगशाळा मिळाली आणि मला जिन्याखालचा कोपरा. तिथे उठताना रोज डोके आपटते.

नमुना म्हणजे रोप मुळासकट उपटायचे, रद्दीत दाबून वाळवायचे आणि जाड कागदावर चिकटवायचे. करार असा, की प्रत्येक देशाला एकेक नमुना. हे कलम मी टेबलावर हात आपटून घालून घेतले. आजवर परक्यांनी न्यायचे आणि आम्ही नुसते टाटा करायचे, हे पुरे झाले.

गेल्या आठवड्यात खडकचांदणी फुलली. आपल्या टेकडीखेरीज ती जगात कुठेच उगवत नाही. अलीकडच्या उतारावर तीनच रोपे सापडली. खांब म्हणाला, नुसते फोटो काढू. मी म्हटले, “घाबरता काय? पलीकडच्या उतारावर गालिचा असतो नुसता!” (तो मी कॉलेजात शिकत असताना पाहिला होता. नंतर नमुन्यांच्या कपाटांनी मला सोडलेच नाही.) तिन्ही उपटली, दाबली, वाटून घेतली. मग गालिचा दाखवायला जीप पलीकडे नेली. तिथे उतार नव्हता. खाणीचा खड्डा होता आणि तळाशी हिरवे पाणी.

“अहो, टेकडी कुठाय?” मी ड्रायव्हरला विचारले.

“सकाळी आपण आलो ना बाई, त्याच रस्त्याखाली. खडी केली तिची.” आणि वर म्हणतो, “रस्ता मात्र झकास झालाय, नाही?”

परतताना शिंकणारी बाई रडत होती की नेहमीचेच चालले होते, कळायला मार्ग नव्हता. आता खडकचांदणीची नोंद तीन देशांत चोख आहे. फक्त खडकचांदणी नाही.

लिहिण्यासारखे एवढेच. दादाला आशीर्वाद मागितले म्हणून सांगा.

तुमची नणंद

ता. क. – पंधरा वर्षांपूर्वी तुम्ही टेकडीवरून खडकचांदणीचे एक रोप उपटून डब्यात घालून नेलेत आणि मी तुम्हांला स्टेशनवर चारचौघांत चोर म्हटले. तेव्हापासून आपण कामापुरतेच बोलतो. मी म्हटले ते योग्यच होते. ते रोप आहे का?

ता. क. २ – असल्यास दादाला पाणी घालू देऊ नका, तो कुंडीचे तळे करतो. मी रविवारी येते. म्हणाल तर बाहेरच्या बाहेर बघून जाईन.

ता. क. ३ – नसल्यास उलट टपाली कळवू नका. रविवारपर्यंत तरी ते असू द्या.